सगळ्यांत मोठं माणूस उठेपर्यंत

“तुमच्यासारख्यांना या देशात येऊच द्यायला नको,” वादीम म्हणाला आणि त्यानं आईच्या ग्लासातल्या चहात चमचाभर जॅम घातला. “अजून घालू?”

“अर्धा,” आई म्हणाली. “माझ्यासारख्यांना म्हणजे?”

“दक्षिणेकडच्यांना. काळ्या केसांच्या लोकांना. आमचा बाजार बघितलात ना? एका तरी गाळ्यावर रशियन माणूस दिसतो?”

“तू मोजलेस गाळे?”

“मोजायला कशाला पाहिजेत? दिसतं.”

“बरं. मग काय करायला हवं?”

काय करायला हवं ते वादीम सांगू लागला. टेबलावर टेपरेकॉर्डर फिरत होता. आई दोन्ही हातांत ग्लास धरून ऐकत होती. चेहऱ्यावर काही नाही, राग नाही की हसू नाही. ती मानसुद्धा हलवत नव्हती. मी शेजारी बसून काळ्या पावावर आमची कांदा-लसूण चटणी पसरत होते आणि ती चटणी या मुलाच्या डोळ्यांत टाकावी असं मला वाटत होतं.

“वृंदाला तिखट चालतं?” त्यानं मध्येच विचारलं. “मला द्या थोडी.”

मी बरणी त्याच्याकडे सरकवली. त्यानं पाव खाल्ला, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि डोळे पुसत पुसत तो रशियन रक्ताच्या शुद्धतेबद्दल बोलत राहिला.

१९९३चा एप्रिल होता. व्होल्गेच्या काठी यारोस्लाव्ल नावाचं जुनं गाव आहे, तिथल्या एका चार मजली इमारतीतलं हे स्वयंपाकघर. घर तमारामावशीचं. वादीम तिचा एकुलता एक मुलगा, माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठा. आई विशीत शिष्यवृत्तीवर लेनिनग्राडला शिकायला गेली होती, तेव्हा तमारा वसतिगृहात तिच्या खोलीत होती. ‘शालिनी’ म्हणता येत नव्हतं म्हणून तमारानं तिची ‘साशा’ करून टाकली. सुट्टीत दोघी याच घरी यायच्या. तमाराच्या आईनं माझ्या आईला इथेच कोबीचं सूप करायला शिकवलं आणि आईनं त्यात गुपचूप मिरची घातली, ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले होते.

परत येऊन आई कोल्हापुरात राज्यशास्त्र शिकवू लागली. सोव्हिएत राजकारण हा तिचा विषय. एक दिवस तो देशच उरला नाही. स्टाफरूममध्ये प्राध्यापक घोरपडे म्हणाले, “बाई, तुमचा देश बुडाला की. आता कुठला शिकवणार?”

“हाच,” आई म्हणाली. “जहाज बुडाल्यावरच कळतं आत काय काय भरलं होतं.”

बुडालेल्या जहाजातून वर तरंगून येत होत्या त्या गोष्टींवर तिनं काम सुरू केलं. काळे शर्ट घालून चौकात कवायत करणारे गट, हरवलेलं साम्राज्य परत मागणारे म्हातारे, रिकामे हिंडणारे आणि कुणाच्या तरी मागे जायला तयार असलेले तरुण. आपल्याकडे तेव्हा या विषयावर कुणी लिहिलं नव्हतं. त्यांच्यात बसून, त्यांच्या तोंडून ऐकून पुस्तक लिहायचं हे तिनं ठरवलं होतं. मला रशियन येत होतं. लहानपणी पाढ्यांबरोबर तिनं तेही घोकून घेतलं होतं. म्हणून टेप बदलायला आणि सोबतीला ती मला घेऊन आली.

आणि मग विमानतळावरच कळलं की तमाराचा मुलगाच अशा एका गटात आहे. तमारानं मिठी मारली, रडली, आणि आईच्या कानात म्हणाली, “तुला लांब जायला नको. माझ्या घरातच बसलाय तो.”

आईची मुलाखत घ्यायची एक पद्धत होती. वाद घालायचा नाही. चुकीची माहिती दुरुस्त करायची नाही. आणि समोरचा उठेपर्यंत आपण उठायचं नाही. “माणूस खरं बोलतो ते खुर्चीतून उठता उठता,” ती विद्यार्थ्यांना सांगायची. “तुम्ही आधी उठलात की ते वाक्य गेलं.”

वादीम तासन् तास बोलायचा. मला वाटतं, इतका वेळ त्याचं कुणी ऐकलंच नव्हतं. पहिल्या दिवशी तो भाषण करत होता. दुसऱ्या दिवशी त्याचा आवाज खाली आला. कारखाना बंद पडला ते त्यानं सांगितलं, सोडून गेलेल्या वडिलांबद्दल सांगितलं, आणि त्यांच्या गटाच्या म्होरक्याबद्दल. हा पूर्वी सैन्यात होता आणि सगळे त्याला ‘कॅप्टन’ म्हणत.

“तो कुणावर जबरदस्ती करत नाही,” वादीम अभिमानानं म्हणाला. “कुठेही जायचं असलं की गाडी घराखाली येते. दोनदा हॉर्न. जो उतरतो तो आपला. जो उतरत नाही त्याला हाक मारायची नाही, आणि पुन्हा कधी विचारायचंही नाही.”

“पुन्हा कधीच नाही?” आईनं विचारलं.

“कधीच नाही. आम्हाला स्वतःहून येणारे हवेत.”

टेप संपली. मी दुसरी घातली.

तिसऱ्या दिवशी आम्ही जवळच्या गावातला मठ बघायला निघालो होतो. तमारा दारात बूट शोधत होती, मी ओव्हरकोटाची बटणं लावत होते, तेवढ्यात वादीम दाराला पाठ लावून उभा राहिला.

“बसा,” तो म्हणाला.

“बस चुकेल रे,” तमारा म्हणाली.

“रशियन घरातून बसल्याशिवाय कुणी निघत नाही. आजी असताना निघाली असतीस अशी?”

आम्ही बसलो. मी चपलांच्या पेटीवर, तमारा स्टुलावर, आई तिच्या पिशवीवर. प्रवासाला निघण्याआधी सगळ्यांनी घटकाभर गप्प बसायचं अशी त्यांच्याकडे रीत आहे. घरात सगळ्यांत मोठं माणूस असेल त्यानं आधी उठायचं, ‘चला, देवाच्या नावानं’ म्हणायचं, मग बाकीच्यांनी. मला हे सगळं माहीत होतं, कारण कोल्हापुरात आमच्या घरीही ते चालायचं. पुण्याला जायचं असलं की रिक्षा खाली उभी, बाबा घड्याळ बघतायत, आणि आई बॅगेवर डोळे मिटून. शेजारच्या इंगळेकाकू जिन्यातून ओरडायच्या, “शिरोळेबाईंचं मौन सुरू झालं वाटतं!” मग आई उठायची आणि ‘येते गं’ म्हणून निघायची. बाबा म्हणायचे, रशियात राहून बाईनं साम्यवाद नाही आणला, हे एवढं आणलं.

पण त्या दिवशी तिकडे कुणीच उठेना.

“आता मोठं कोण?” वादीमनं विचारलं. “आजी तर गेली.”

“साशा,” तमारा म्हणाली. “माझ्याहून काही महिन्यांनी मोठी आहे. आणि ते ती मला कॉलेजभर ऐकवायची.”

आई उठली. ‘चला, देवाच्या नावानं,’ ती म्हणाली. तिचे उच्चार ऐकून वादीम पहिल्यांदा मोकळेपणानं हसला. “अगदी आजीसारखं म्हणालात.”

“तिनंच शिकवलं.”

बसमध्ये तो आईशेजारी बसला आणि टेप नसताना त्यानं ती गोष्ट सांगितली. त्याचे आजोबा एकेचाळीस साली युद्धावर गेले. गाडी खाली आली होती, घाई होती, ते बसले नाहीत. जिन्यावरून हात हलवून गेले. पुन्हा आले नाहीत. त्यांचं काय झालं हेही कधी कळलं नाही. आजी मरेपर्यंत एकच म्हणायची, बसला असता तर परत आला असता.

“तुझा विश्वास आहे त्यावर?” आईनं विचारलं.

वादीम खिडकीबाहेर बघत राहिला. “हसण्यासारखं आहे,” तो म्हणाला. “पण मी कधी न बसता निघालो नाही. कधीच नाही.”



मठ बघून आल्यावर तमारा आम्हाला नदीवर घेऊन गेली. बर्फ फुटत होता. एवढाल्या लाद्या एकमेकींवर आदळत, करकरत खाली चालल्या होत्या. तमारानं मला म्हटलं, “तू पुढे हो वृंदा, पूल बघ.” मी पुढे झाले, पण सगळं ऐकू येत होतं.

“तो युगोस्लाव्हियात जाणार आहे. तिकडच्या लढाईत. आपल्या धर्माची माणसं आहेत म्हणे तिथे. आजवर नदीपलीकडच्या चुलत भावाची विचारपूस करायला गेला नाही.”

“कधी?”

“सांगत नाही. पासपोर्ट लपवायला गेले तर तो आधीच कॅप्टनकडे दिलाय. साशा, तू बोल त्याच्याशी. तुझा तर विषयच आहे हा. डॉक्टर घरी आलाय म्हणून मी देवाचे आभार मानले.”

“मी डॉक्टर नाही, तमारा. मी फार तर ताप मोजते.”

“मग मोज,” तमारा म्हणाली. “मोजत बस. वर गेला की लिहून ठेव.”

ती भरभर पुढे निघून गेली. आई तिथेच कठड्याला धरून उभी. मी मागे आले.

“तू काहीच का बोलत नाहीस त्याला?” मी मराठीत विचारलं. “तो तोंडावर आपल्याला काय काय म्हणतो. तू म्हणतेस, ‘अजून अर्धा चमचा’.”

“मी बोलले की तो माझ्याशी बोलणं बंद करेल, वृंदे. माझ्यापुढे भाषण करेल. भाषणं मला छापील मिळतात.”

“आणि तो मेला तर?”

बर्फाची एक मोठी लादी पुलाच्या खांबावर आपटून दुभंगली, ते आम्ही बघत राहिलो. मग आई म्हणाली, “चल. तमाराला बटाटे सोलू लागू.”

त्या संध्याकाळी जेवताना वादीमनं सांगून टाकलं. उद्या सकाळी. सात-आठ जण आहेत. कॅप्टनची मिनीबस येणार, मॉस्कोहून पुढे रेल्वे. बोलताना त्यानं आईकडे बघितलं, तमाराकडे नाही.

“मी उद्या दुपारी कॅप्टनला भेटणार होते,” आई म्हणाली.

“तो आम्हाला मॉस्कोपर्यंत सोडून परत येतो. परवा भेटेल तुम्हाला. मी सांगितलंय, तुम्ही नीट ऐकता म्हणून.”

या भेटीसाठी आईनं वर्षभर पत्रव्यवहार केला होता. तो माणूस कुणालाही भेटत नसे. त्याच्या मुलाखतीवर पुस्तकाचा निम्मा भाग उभा राहणार होता. दिल्लीच्या एका संस्थेनं ते छापायचं कबूल केलं होतं. वादीमनं तिच्यासाठी शब्द टाकला होता.

“आभारी आहे,” आई म्हणाली.

तमारा उठली आणि तिनं अंडी उकडायला ठेवली. रडणं नाही, आरडाओरडा नाही. प्रवासाची अंडी. तिच्याकडे बघवत नव्हतं.

सकाळी बाहेर धुकं होतं. वादीमची बॅग दारापाशी उभी केलेली, हिरव्या कापडाची, सैन्यातली. त्यानं बूट घातले, नाड्या दोनदा बांधल्या. अंड्यांची पुडी तमारानं बॅगेच्या वरच्या कप्प्यात कोंबली, काढली, पुन्हा कोंबली. बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर आजोबांचा फोटो होता, टोपी घातलेला, वादीमच्याच वयाचा.

“चला, बसू या,” वादीम म्हणाला.

तो बॅगेवर बसला. तमारा स्टुलावर. मी खाली फरशीवर. आई चपलांच्या पेटीवर बसली, पदर गुडघ्यांवर ओढून घेतला आणि त्यावर हात ठेवले.

गप्प.

स्वयंपाकघरातलं घड्याळ ऐकू येत होतं. वरच्या मजल्यावर कुणीतरी नळ सोडला. आजवर इतक्यात आई उठत असे. मी तिच्याकडे बघितलं. ती आपल्या हातांकडे बघत होती, मुलाखतीत बघायची तशी.

खाली गाडी थांबल्याचा आवाज आला. हॉर्न वाजला.

वादीमनं आईकडे बघितलं. “साशामावशी.”

आई हलली नाही.

“साशामावशी, गाडी आली.”

तमारानं मान वर केली. एक क्षण तिच्या चेहऱ्यावर नुसता गोंधळ होता. मग तिनं स्टुलाची कड घट्ट धरली.

“उठा ना,” वादीम म्हणाला. “तुम्हाला आधी उठायचंय.”

“माहीत आहे.”

“मग?”

“अजून उठवत नाही मला,” आई म्हणाली.

तो हसला, आधी चेष्टाच आहे असं समजून. मग त्याचं हसू गेलं. “तुम्ही इथल्या नाहीत. तुमचं मोठेपण आमच्यात धरत नाहीत.”

“काल धरलंस.”

तो अर्धवट उठला. गुडघे वाकलेले, हात बॅगेच्या पट्ट्यावर. तसाच राहिला. खिडकीखाली इंजिन घरघरत होतं. माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या, पण मी पाय हलवला नाही.

“मी तसाच जाईन,” तो म्हणाला.

“जा,” आई म्हणाली. तिनं मान वर करून भिंतीकडे बघितलं. “तेही तसेच गेले.”

त्या सगळ्या दिवसांत आईनं त्याला उलटून केलेलं हे एकच विधान.

दुसरा हॉर्न वाजला. आधीपेक्षा लांब. वादीमच्या कपाळावर घाम होता. तो आजोबांच्या फोटोकडे बघत होता, मग दाराकडे, मग पुन्हा आईकडे. त्याचे ओठ हलत होते. मला वाटलं तो आता तिला ओढून उठवेल. आईलाही वाटलं असावं, कारण तिनं पेटीच्या कडेला हात लावला. पण तो खाली बसला. हळूच बसला, आजारी माणूस बसतो तसा.

“प्लीज,” तो म्हणाला. लहान मुलासारखा आवाज होता. “प्लीज उठा.”

आई बसून राहिली.

गाडीनं गिअर बदलला. आवाज अंगणातून कमानीखाली गेला, कमानीखालून रस्त्यावर, आणि मग नुसतं घड्याळ.

वादीमनं बुटांच्या नाड्या सोडल्या. एक बूट काढला, तो हातात धरून तो बसला.

“म्हणून ऐकत होतात?” तो म्हणाला. “सगळं माझं ऐकून घेतलंत ते यासाठी?”

“नाही,” आई म्हणाली. “पण ऐकलं होतं.”

तो उठला. त्यानं आत जाऊन दार लावून घेतलं. आता आईनंही उठायला हरकत नव्हती, पण तिला खरंच उठता येईना. दोन्ही पाय बधिर झाले होते. तमारानं एका बाजूनं आणि मी दुसऱ्या बाजूनं धरून तिला उभं केलं. तमारा हसत होती आणि रडत होती आणि आईला शिव्या देत होती, वसतिगृहात शिकलेल्या असाव्यात, मला त्यातल्या निम्म्या कळल्या नाहीत.

कॅप्टन आईला भेटला नाही. निरोप आला की त्या बाईंशी आमच्यातलं कुणीही बोलणार नाही. ठरलेल्या बाकीच्या भेटीही एकेक करून रद्द झाल्या. आम्ही तिकिटं अलीकडे ओढून निघालो. निघताना बसलो, तेव्हा वादीम खोलीतून बाहेर आला नाही.

मॉस्कोच्या गाडीत मी आईला म्हटलं, “जिंकलीस की.”

“जिंकायला गेले होते का मी?” ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, “तुझे नाना आजोबा तालमीत पोरांना सांगायचे, जोर कमी असला तर जड व्हावं. तेवढंच सुचलं.”

मग तिनं पिशवीतून टेप काढल्या, रुमालात बांधल्या आणि पेटीच्या तळाशी ठेवल्या.

“कोल्हापूरला गेल्यावर उतरवून देऊ का?” मी विचारलं.

“नको.”

“का?”

“ताप मोजणारीनं औषध पाजलं, वृंदे. आता तो आकडा माझ्या कामाचा नाही.”

त्या वेळी ते मला तात्पुरतं वाटलं. थकलीये, शीण उतरेल, असं. पण तिनं त्या टेप पुन्हा लावल्या नाहीत. पुस्तक निघालं ते वर्तमानपत्रं, पत्रकं, निवडणुकांचे निकाल यांवरून लिहिलेलं, बारीकसं. दिल्लीत त्यावर चर्चासत्र झालं. मी तेव्हा तिथेच शिकत होते, मागे जाऊन बसले. एका तरुण प्राध्यापकानं विचारलं, “बाई, तुम्ही तिथे जाऊन राहिलात असं प्रस्तावनेत आहे. मग प्रत्यक्ष मुलाखती का नाहीत?”

“नाहीत,” आई म्हणाली.

“मिळाल्या नाहीत?”

“वापरण्यासारख्या राहिल्या नाहीत.”

तो जरा हसला, शेजाऱ्याकडे बघून. पुढे त्याच विषयावर त्याचं जाडजूड पुस्तक आलं. आईनं ते विकत घेतलं, पेन्सिलीनं खुणा करत वाचलं आणि विद्यार्थ्यांना लावलं. घोरपडे सर स्वतःच्या निवृत्तीच्या समारंभात म्हणाले की शिरोळेबाईंनी मनात आणलं असतं तर त्या फार मोठ्या झाल्या असत्या. आई पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती.

नव्या वर्षाला तमाराचा फोन यायचा. दोघी ओरडून बोलायच्या. “वादीम कसा आहे?” आई दर वर्षी विचारायची. कामाला लागला. ट्रॉलीबस चालवतो. लग्न केलं. मुलगी झाली. तो फोनवर कधी आला नाही, आईनं कधी बोलाव म्हटलं नाही.

आई गेल्या श्रावणात गेली. पहाटे, झोपेत. बाबा आधीच गेले होते. धाकटा भाऊ धनंजय पुण्याहून निघाला, आणि तो येईपर्यंत मी तिच्याजवळ एकटी होते. तिच्या फोनवरून मी तमाराच्या नंबरवर दोन ओळी पाठवल्या. सकाळी उलटा फोन आला. पुरुषाचा आवाज होता.

“वृंदा? मी वादीम.”

मला बोलायला रशियन सुचेना. तोच बोलत राहिला. माझ्या आईला ऐकू येत नाही, रडतेय आत. मी रजा काढलीये आज. तुमची ती तिखट बरणी, तो म्हणाला, तसं तिखट पुन्हा कुठे खाल्लं नाही.

मग म्हणाला, “माझी मतं बदललेली नाहीत, हे तुला सांगून ठेवतो. मी अजून तसाच आहे. तुझ्या आईनं मला माझ्या मित्रांपुढे तोंड दाखवायला जागा ठेवली नाही. मी तिला कधी माफ केलं नाही.”

“बरं,” मी म्हणाले.

“त्या गाडीतले निम्मे परत आले नाहीत. फोटो आहे माझ्याकडे. सगळे अजून विशीतले.” त्याचा श्वास ऐकू येत होता. “आणि माझं पोट बघशील तर हसशील. केस गेले. मुलगी म्हणते, बाबा, तू किती म्हातारा झालास.”

मी आईसारखी ऐकत राहिले.

“बसलात का?” त्यानं विचारलं.

“काय?”

“तिला न्यायच्या आधी. बसलात का सगळे?”

“अजून नेलं नाही. भाऊ येतोय.”

“मग बसा,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.

धनंजय आला. माणसं जमली. आजूबाजूच्या बायकांनी, तिच्या विद्यार्थिनींनी सगळं केलं, आंघोळ, साडी, फुलं. खाली गाडी येऊन उभी राहिली. कुणीतरी म्हणालं, पावसानं उघडीप दिलीये, आता वेळ नको. मी सगळ्यांना म्हटलं, दोन मिनिटं बाहेर थांबता का. जुने विद्यार्थी होते त्यांना कळलं. त्यांनीच बाकीच्यांना जिन्यात नेलं.

धनंजय आणि मी तिच्या दोन बाजूंना खाली बसलो. तिच्या कपाटाच्या काचेत पुस्तकं दिसत होती. ते जाडजूड पुस्तक, त्याच्या शेजारी तिचं बारीकसं. कुठेतरी प्रेशर कुकरची शिट्टी झाली. जिन्यात इंगळेकाकू कुणाला तरी हळू आवाजात म्हणाल्या, “त्यांच्यात बसतात असं.”

धनंजय डोळे पुसून माझ्याकडे बघू लागला. मी हातांकडे बघत होते. खाली हॉर्न वाजला. कुणाची तरी स्कूटर आड आली असावी.

“तायडे,” धनंजय म्हणाला.

“हं.”

“आता मोठी तू आहेस.”

“माहीत आहे.”

“तू उठल्याशिवाय तिला निघता येणार नाही गं.”

“म्हणून तर बसलेय,” मी म्हणाले.